पप्पांच्या कबरीतली जागा

फेब्रुवारी सरत आला की दिल्लीची झाडं पानं टाकायला लागतात. पुण्या-मुंबईहून नव्याने आलेल्यांना हे पटता पटत नाही. ऑफिसातली एक मुलगी परवा म्हणाली, "मॅम, सगळे वसंत वसंत करताहेत आणि इथे तर पानगळ चालू आहे. हे काय उलटंच?" उलटं काही नाही, इथे असंच असतं. मयूर विहारमधल्या आमच्या सोसायटीत सकाळी पिंपळाच्या पानांचा ढीग झाडून कोपऱ्यात लावतात आणि संध्याकाळपर्यंत अंगण पुन्हा भरलेलं असतं. रस्त्याकडेच्या सावरीची लाल फुलं धप्पकन खाली पडतात आणि गाड्यांखाली चिरडली जातात. पंखा लावला तर गारठायला होतं, बंद केला तर उकडतं. आमच्या घरात हेच उपवासाचे दिवस, राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंतचे.

आई या दिवसांत चहा सोडायची. मटण आणि गोडधोड काय, सगळेच सोडतात, असं तिचं म्हणणं. तिचा जीव चहात होता, म्हणून चहा. पहिल्या आठवड्यात तिचं डोकं असं ठणकायचं की कपाळाला घट्ट रुमाल बांधून ती पोळ्या लाटायची, आणि हाक मारली की "काय आहे?" म्हणून अंगावर यायची. उपवास देवासाठी, प्रसाद आम्हा मुलांना. दुसऱ्या आठवड्यात ती निवळायची, आणि ईस्टरच्या सकाळी पहिला कप हातात घेतला की डोळे मिटून इतकी सुखावायची की पुनरुत्थानाचा आनंद कुठला आणि चहाचा कुठला हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

मनुकांचा वासही याच दिवसांशी जोडलेला आहे, खरं तर तो वर्षभर असायचा. आमच्या मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, प्रभुभोजनाच्या विधीला विकतचा द्राक्षरस आणत नाहीत. काळ्या मनुका भिजवायच्या, उकळायच्या, कुस्करायच्या आणि मलमलच्या फडक्यातून पिळून काढायच्या. महिन्याच्या पहिल्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात हे चालायचं. हे काम आईकडे कोणी दिलं ते कोणाला आठवत नाही, पण ते तिच्याकडून काढून घ्यायची कोणाची हिंमत नव्हती. फडकं पिळून पिळून तिची बोटं जांभळी व्हायची. कितीही साबण लावला तरी ती तशीच राहायची, आणि रविवारी पांढऱ्या साडीत, जांभळ्या बोटांनी ती देवळात बसायची.

आई थंडीत गेली, त्यामुळे तिच्याशिवायचा हा पहिलाच उपवासकाळ. मी चहा सोडलेला नाही. मुद्दाम सोडला नाही. सकाळी दोन कप करते, दोन्ही मीच पिते. तिच्यावर मी रागावलेली आहे आणि तो राग कुठे ठेवायचा ते मला कळत नाही. वारलेल्या आईवर, त्यातून अशा देवभीरू आईवर रागवायची सोय आपल्याकडे नाही. लोक डोळ्यांत पाणी आणून तिच्याबद्दल बोलतात आणि मी मान हलवते.

सगळं सुरू झालं ते वत्सलाआत्या गेली त्या वर्षीच्या उपवासकाळात.

आत्या म्हणजे पप्पांची मोठी बहीण. नगरला मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. आजोबा लवकर गेले, तिने लग्न केलं नाही, पप्पांना शिकवलं. पप्पा सरकारी नोकरीत दिल्लीला आले, लग्न झालं, आणि वर्षभरात आत्याही निवृत्ती घेऊन आमच्याकडे आली ती कायमची. आधी सरकारी क्वार्टरच्या दोन खोल्यांत, मग मयूर विहारच्या या फ्लॅटमध्ये. "ताईने लग्न केलं नाही ते माझ्यासाठी," हे वाक्य पप्पांनी किती वेळा म्हटलं असेल याला गणती नाही. पाहुण्यांसमोर म्हणायचे, देवळात साक्ष देताना म्हणायचे, आणि स्वतःच्या लग्नाच्या वाढदिवसालाही म्हणायचे. आई तेव्हा पानं वाढत असायची.

आत्या प्रेमळ होती. मला तिने अंगाखांद्यावर खेळवलं. माझं एस्तेर हे नावही तिनेच ठेवलं. आईला मृणाल ठेवायचं होतं, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. पप्पा कचेरीतून आले की आधी आत्याच्या खोलीत जायचे, दिवसभराचं तिथे सांगून व्हायचं, मग जेवायला यायचे. घराच्या पडद्यांचा रंग, माझी शाळा, विनयचं इंजिनिअरिंग, सगळं त्या खोलीत ठरायचं. विनय म्हणजे माझा धाकटा भाऊ. आईला निर्णय कळायचा तो साधारणपणे डाळीला फोडणी घालताना. ती "बरं" म्हणायची.

नगरहून नातेवाईक आले की पप्पा त्यांना दिल्ली दाखवायचे, आणि मराठी माणूस असल्यामुळे पानिपतला काला अंबही दाखवायलाच हवा. पप्पा गाडी चालवायचे, शेजारी आत्या, मागे पाहुणे आणि त्यांच्या मांडीवर आम्ही. आई दारात उभी राहून हात करायची. आल्यावर सगळ्यांना गरम जेवण लागायचं ना! दिल्लीत अख्खा संसार झाला, पण आईने काला अंब पाहिला नाही. मी एकदा तिला म्हटलं, चल, मी नेते. तर म्हणाली, "आता काय बघायचं? लढाई तर संपली."

मी हे हसण्यावारी नेलं होतं. मला कसलीच शंका नव्हती, कारण मी रोजच्या घरापेक्षा आईपप्पांना देवळात जास्त नीट पाहत होते. आमच्याकडे एक रीत आहे. लग्नाचा वाढदिवस ज्या आठवड्यात येईल त्या रविवारी जोडप्याने पुढे जायचं, एकमेकांचा हात धरून उभं राहायचं, आणि पाळकांनी त्यांच्यासाठी प्रार्थना करायची. आईपप्पा दरवर्षी जायचे. पप्पांचा मोठा, केसाळ हात आणि त्यात आईची जांभळी बोटं. घरात मी त्यांना हात धरलेलं कधी पाहिलं नाही, पण तिथे पाहिलं, आणि तेवढ्यावर मी अख्खी इमारत बांधली. नवरा-बायको म्हणजे हे. भांडण नाही, आवाज नाही, शेवटपर्यंत हातात हात.

माझं लग्न मोडायला आलं तेव्हा मी याच मापाने स्वतःला मोजलं आणि कमी भरले. रडत घरी आले होते. आईने पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "थोडं जमवून घे. आम्ही नाही का घेतलं?" मी परत गेले. आणखी काही वर्षं जमवून घेतलं. त्या वर्षांबद्दल इथे लिहीत नाही. शेवटी कपडे भरलेली एक बॅग घेऊन मी कायमची मयूर विहारला आले, तेव्हा पप्पा नुकतेच वारले होते आणि घरात आई, आत्या आणि मी अशा तीन बायका उरल्या.

दिल्लीत जिवंत माणसाला एखादा फ्लॅट तरी मिळतो, वारलेल्या ख्रिस्ती माणसाला जागा मिळणं कठीण. कबरस्थानं भरली आहेत. त्यावर एक तोडगा निघालेला आहे: कबर खोल खणायची, खाली एक पेटी, आणि काही वर्षांनी तीच कबर उघडून वर घरातल्याच माणसाची दुसरी. याला सगळे सरळ 'डबल' म्हणतात. पप्पांसाठी विनयने डबल घेतली. वरची जागा आईची, हे बोलायचीही गरज नव्हती.

ईस्टरच्या आदल्या दिवशी आम्ही कबर धुवायला जायचो. बादली, घासणी, चुना. दुसऱ्या दिवशी पहाटेची उपासना तिथेच होते, मेणबत्त्या लावतात, म्हणून आदल्या दिवशी सगळ्या घरांची माणसं आपापली कबर पांढरी करतात. आई उकिडवी बसून चुना फासायची आणि आत्या घडीच्या खुर्चीवर बसून इकडे राहिलं, तिकडे राहिलं म्हणून दाखवायची. आणि दरवर्षी एकदा तरी म्हणायची, "कुसुम, तुझं बरं आहे गं. तुझी जागा ठरलेली आहे. आमचं काय, आम्हाला कुठे तरी लांब नेऊन टाकतील." आई चुन्याचा हात न थांबवता म्हणायची, "असं काय बोलता, वन्सं."

आत्या गेली ती अशाच पानगळीच्या दिवसांत, दुपारी जेवून पडली ती उठलीच नाही. विनय गुडगावहून बायकोला, लीनाला घेऊन आला. कबरस्थानाच्या कमिटीला फोन झाले. नवी जागा इथे नाही, फरिदाबादला मंडळीची जमीन आहे तिथे मिळेल, असं उत्तर आलं. नाहीतर तुमची घरची कबर आहे, ती उघडता येईल. विनय फोनवर हात ठेवून म्हणाला, "ती आईची आहे, यार. फरिदाबादच करावं लागेल."

आई मनुका निवडत बसली होती, कारण दुसऱ्या दिवशी महिन्याचा पहिला रविवार होता. तिने मान वर केली नाही. म्हणाली, "वन्संना त्यांच्याजवळच द्या."

"अगं पण तुझी जागा..."

"माझं बघू पुढे. द्या त्यांना."

लीनाने हुंदका दिला. विनयने वाकून आईच्या गुडघ्यांना मिठी मारली. मीही रडले. दफनाच्या वेळी पाळक इतके भारावले होते की त्यांनी आत्यापेक्षा आईवरच जास्त प्रवचन केलं. नणंदेसाठी स्वतःची कबर देणारी भावजय! मंडळीतल्या बायका रांगेने येऊन आईचा हात हातात घेत होत्या. पुढच्या कितीतरी रविवारी हा त्याग कोणाच्या ना कोणाच्या प्रार्थनेत आला. आई डोळे मिटून ऐकायची.

उत्तम शुक्रवारच्या आदल्या दुपारी, संध्याकाळच्या, प्रभूच्या शेवटच्या भोजनाच्या उपासनेसाठी रस हवा म्हणून ती पुन्हा मनुका उकळत होती. बाहेर वारा सुटला होता आणि गॅलरीत पानं घरंगळत होती. मी पातेल्यात पळी फिरवत म्हटलं, "आई, तू केलंस ते मला कधीच जमलं नसतं. एवढा मोठा त्याग."

ती फडकं पिळत होती. थांबली.

"तुलाही तसंच वाटतं?"

"म्हणजे?"

"त्याग-बिग काही नाही गं. मला तिथे जायचंच नव्हतं."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, कुठे? ती म्हणाली, "त्यांच्या वर. त्यांच्याजवळ. मी विचार करत होते, काय सबब सांगावी. वन्संनी ती सोय केली."

"आई, पप्पा काय वाईट होते?"

"कोण म्हणतं? चांगला माणूस. कधी हात उगारला नाही, कधी पितही नव्हते. पण लग्न होऊन आले त्या दिवसापासून ते वन्संचेच होते. मी होते स्वयंपाकाला आणि तुमच्यासाठी. आता त्या दोघांना राहू दे एकत्र, बोलू दे काय बोलायचं ते. मला राग नाही आला कधी. कंटाळा आला. फार कंटाळा आला, बाई."

मी गॅस बंद केला. "मग ते देवळात हात धरून उभं राहायचात ते?"

तिने विचार केला. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, निदान मला तसं वाटत होतं. म्हणाली, "ते खरंच असायचं. तेवढा वेळ ते माझा हात धरायचे ना."

मग मात्र मी ओरडले. शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतकी ओरडले. "मला काय सांगितलंस तू? आम्ही नाही का जमवून घेतलं! मी गेले ना परत! तुझ्या शब्दावर गेले. तुला हे असं वाटत होतं तर मला का नाही सांगितलंस? एक शब्द बोलली असतीस!"

आई गाळलेला रस बाटलीत भरत होती. एक थेंब सांडला नाही. झाकण लावून झाल्यावर म्हणाली, "तेव्हा मला तरी कुठे माहीत होतं, एस्तेर? मला वाटायचं, असंच असतं. तू बॅग घेऊन आलीस ना, तेव्हा कळलं की असं नसतंही."

मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. ती मागून आली आणि हळूच म्हणाली, "फरिदाबादला माझं बोलणं झालंय. मला तिथे नेशील. आणि विनयला यातलं काही सांगायचं नाही. तो रडेल आणि प्रेमाने मला पुन्हा तिथेच नेऊन घालेल. शब्द दे." मी शब्द दिला. रागातच दिला, पण दिला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी शेजारी बसून तीन तासांच्या उपासनेला हजर होतो, आणि उपवास सुटल्यावर खिचडीही एकाच ताटात खाल्ली.

(विनय आता मराठी वाचत नाही. दिल्लीत वाढलेल्या पोरांचं व्हायचं तेच त्याचं झालं. बोलतो कसंबसं, पण छापील मराठी पाहिलं की "ताई, तूच सांग ना काय लिहिलंय" म्हणतो. म्हणून हे इथे लिहायची हिंमत होते आहे. लीना तर केरळची.)

त्यानंतर आमच्या घरात एक नवीच गोष्ट आली. आई माझ्याशी बोलायला लागली. संध्याकाळी मी मेट्रोने यायचे, ती चहा टाकून बसलेली असायची, आणि काहीबाही सांगायची. मृणाल नावाचं तेव्हाच कळलं. तिला पोहायला यायचं, माहेरच्या विहिरीत ती मुलांच्या बरोबरीने उड्या मारायची, हेही तेव्हाच. मी ऐकत राहायचे. राग होताच, पण त्या रागाच्या तळाशी एक गुपचूप आनंदही होता, आणि तो मी मान्य करते. ती नवऱ्याची नव्हती, विनयची आदर्श माताही नव्हती. खरी होती ती मला माहीत होती. फक्त मला. इतकी वर्षं मला फसवलंस ना, तर ही त्याची भरपाई, असं मी मनाशी म्हणायचे.

यंदाच्या थंडीत, धुक्याच्या दिवसांत ती गेली. न्यूमोनियाचं निमित्त झालं. दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्येच विनय म्हणाला, "ताई, कमिटीत माझी ओळख आहे. पप्पांचीच कबर उघडू. स्पेशल परमिशन काढतो. आईला पप्पांजवळच राहायचं असणार."

"फरिदाबाद," मी म्हटलं.

"का? बिचारीने त्याग केला तो केला, आता तरी तिला तिची जागा देऊया ना!"

"तिची तशी इच्छा होती."

"कधी म्हणाली? मला नाही बोलली कधी."

"मला बोलली."

"अच्छा. तुलाच बोलली." तो माझ्याकडे बघत राहिला. "तुला कोणाचं एकत्र राहिलेलं बघवत नाही का, ताई?"

हे त्याने रडता रडता म्हटलं, आणि माझा भाऊ मनाचा दुष्ट नाही. पण ते वाक्य लागायचं तिथे लागलं. मला एका वाक्यात त्याचं तोंड बंद करता आलं असतं. ते वाक्य मी गिळलं. आईला फरिदाबादला माती दिली. धुकं इतकं होतं की चार पावलांपलीकडचा माणूस दिसत नव्हता. विनय माझ्यापासून लांब, लीनाचा हात धरून उभा होता.

मग शोकसभा. शांत, सोशिक, कधी आवाज चढवला नाही. आदर्श पत्नी, आदर्श माता. नणंदेसाठी कबर देणारी! पाळकांनी ती गोष्ट पुन्हा सांगितली आणि आता तिला आणखी झालर लागली होती. आईने म्हणे त्या दिवशी गुडघे टेकून प्रार्थना केली आणि मग निर्णय सांगितला. ती मनुका निवडत होती हो, मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. तिचं चहावाचून दुखणारं डोकं, तिची विहीर, तिचा कंटाळा, यातलं काहीच त्या सभागृहात नव्हतं. तिचा मोठा फोटो होता, हार घातलेला, आणि त्यातली बाई मी ओळखत नव्हते. मला शेवटी बोलायला सांगितलं तेव्हा मी दोन वाक्यं बोलले, सर्वांचे आभार मानले आणि खाली बसले. लोकांना वाटलं, हिला दुःख आवरेना.

विनय त्यानंतर फारसा आला नाही. फोन करतो, "ठीक आहेस ना" विचारतो. मीही "बिल्कुल" म्हणते. मला या सगळ्यात एकच आधार होता. माझ्यामागे कोणी नाही. लग्न मोडलेलं, मूलबाळ नाही. मग मला एक दिवस आईच्याच कबरीत ठेवतील, तिच्या वर. पप्पांना त्यांची बहीण, आणि आईला तिची मुलगी. या विचाराने मला किती बरं वाटायचं हे सांगून खरं वाटणार नाही. ऑफिसातून येताना मेट्रोच्या खिडकीशी उभी राहून मी हाच विचार करायचे आणि घरी येऊन निवांत जेवायचे.

गेल्या शनिवारी मी फरिदाबादला गेले. म्हटलं, ईस्टर जवळ आलं, एकदा कबर पाहून यावी, चुना किती लागेल ते बघावं, आणि वरच्या जागेची काय ती लिखापढी करून टाकावी. कबरस्थान कारखान्यांच्या मागच्या बाजूला आहे. नवंच असल्यामुळे झाडं लहान, कमरेइतकी, त्यांचीही पानं गळालेली. तिथलं काम बघणारे मसीहसाहेब, साठीचे गृहस्थ, स्वेटर कमरेला बांधून ऊन खात बसले होते. मी नाव सांगितलं, आईचं नाव सांगितलं. त्यांनी लगेच ओळखलं.

"अच्छा, वो माताजी! सफेद साड़ी वाली. खुद आई थीं जगह देखने, मेट्रो से, अकेली. हमने चाय पिलाई."

मला कधी सांगितलं नव्हतं तिने. महिला मंडळाची सभा आहे म्हणून गेली असेल एखाद्या दिवशी. मी हसले आणि म्हटलं की मला वरच्या जागेसाठी माझं नाव द्यायचं आहे, आगे चलके मेरे लिए.

मसीहसाहेब जरा अवघडले. "मैडम, वो तो सिंगल है।"

"सिंगल?"

"सिंगल ही बनी है। गहरी नहीं खोदी, ऊपर से पक्की कर दी। अब उसमें दूसरा नहीं जा सकता।" आणि मग, माझा चेहरा बघून, समजूत घालावी तसं म्हणाले, "हमने तो बहुत कहा था माताजी से, डबल करा लो, कल को बच्चों के काम आएगी। हँसने लगीं। बोलीं, नहीं भैया, बस मेरी।"

मी आईच्या कबरीपाशी गेले. सिमेंटचा साधा चौथरा, नावाची पाटी अजून लावायची आहे. आजूबाजूला बरीच मोकळी जमीन. मी तिथेच मातीत बसले. पप्पांनी फसवलं म्हणावं तर त्यांना कळलंही नसेल आपण काय केलं ते. आत्या तर भावाजवळ पोचली, सुटली. विनय बोलला ते न कळून बोलला. पण ही? हिला सगळं कळत होतं. रोज संध्याकाळी माझ्यासमोर चहा पीत ही बाई बसत होती, विहिरीच्या गोष्टी सांगत होती, आणि मेट्रोने जाऊन हिने मलाही वगळून ठेवलं होतं. बस मेरी! नवऱ्याला सोडलं ते मी समजून घेतलं, त्यासाठी भावाची बोलणी खाल्ली. मी तिची मुलगी आहे. मी काय केलं होतं? मी त्या चौथऱ्यावर हाताने मारलं, दोनदा, जोरात, आणि तळहात लाल झाला. इतकी फसवणूक माझ्या नवऱ्यानेही केली असं मला कधी वाटलं नव्हतं.

विनयचा फोन तेव्हाच आला. मागे मुलांचा गलका होता, टीव्ही चालू होता.

"ताई, ऐक ना, ईस्टरला कसं करायचं? म्हणजे पहाटे आधी पप्पांकडे की आईकडे? मला कळतच नाही यार." मग आवाज खाली आला, लहानपणी अंथरुणात विचारायचा तसा. "ताई, तिकडे आईला एकटं वाटत असेल का गं?"

मी समोरच्या सिमेंटकडे बघितलं. किती नीट केलं होतं, चारी बाजूंनी सारखं.

"नाही रे," मी म्हटलं. "तिला नाही वाटत."

आणि मग मला रडू फुटलं, आणि तो गुडगावहून "ताई, ताई, क्या हुआ, मी येतो, तिथेच थांब" असं म्हणत राहिला.